खोक्यावर न आलेला हत्ती

गेल्या जून महिन्यातील गोष्ट. शाळा उघडून पुरता आठवडाही झाला नव्हता आणि निपाणीच्या परिसरात पावसाने चांगला जोर धरला होता. चौथीचे शिक्षक रजेवर असल्यामुळे तो वर्ग माझ्या वाट्याला आला. मुख्याध्यापकाच्या नशिबी हल्ली वर्ग कमी आणि तक्ते भरणे अधिक; म्हणून असा एखादा तास मिळाला की मला मनातून आनंदच होतो. ओल्या छत्र्या कोपऱ्यात उभ्या करून मुले बसली होती. मी फळ्यावर एवढेच लिहिले : ‘आज सकाळी तुम्ही काय खाल्ले, त्याचे चित्र काढा.’

चित्रे जमली. कुणी अर्ध्या चंद्रासारखी शिळी भाकरी काढली होती आणि शेजारी दुधाची वाटी. कुणी कपबशी काढून तिच्या कडेला दोन खाऱ्या ठेवल्या होत्या. एकाने उप्पिटाची ताटली काढून वर मोहरीचे काळे ठिपके मोठ्या काळजीने दिले होते. दोन-तीन कागद कोरेच होते. त्यांच्याविषयी मी वर्गात काही विचारले नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत कोरा कागदही वाचता येऊ लागतो. एका मुलीच्या चित्रापाशी मात्र मी थांबलो. तिने एक उभे खोके काढले होते आणि त्यावर एक हसरे तपकिरी अस्वल. दुधाचा वाडगा, त्यात पडणारे चॉकलेटी शिंपले, इंग्रजी अक्षरांची वळणे, सारे हुबेहूब. ‘चॉकोस’ या नावाने दुकानात मिळणाऱ्या न्याहारीच्या खोक्याचे ते चित्र होते. मी तिची पाठ थोपटली आणि सहज विचारले, ‘‘दुधातून खातेस की नुसते?’’ मुलगी काही बोलली नाही. खाली मान घालून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी तिची आई कार्यालयाच्या दाराशी येऊन उभी राहिली. बाई तंबाखूच्या वखारीत कामाला जाते. म्हणाली, ‘‘गुरुजी, पोरीनं खोटं काढलं म्हणून रागावू नका. ते नुसतं खोकं हाय. सकाळच्याला एका घरात धुणंभांडी करते, त्या वहिनींनी दिलं. पोरगी पेन्सिली ठेवती त्यात. आत काय न्हवतंच कवा.’’

मी तिला म्हटले, यात खोटे काहीच नाही, चित्र फार सुरेख आहे. बाई समाधानाने कामावर गेली. पण ‘आत काय न्हवतंच कवा’ हे तिचे शब्द कितीतरी दिवस माझ्या मनातून जाईनात. खाद्य त्या घरात कधी पोचले नाही. त्याचे चित्र मात्र पोचले, आणि नुसते पोचले नाही तर त्या लेकराच्या मनात असे जाऊन बसले की ‘काय खाल्ले’ या प्रश्नाला तिच्या हाताने तेच उत्तर दिले. या चित्राचे सामर्थ्य तरी काय आहे, ते कोठून आले, याचा शोध घ्यावा असे वाटले. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

छाप

दिल्लीत १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा ‘अप्पू’ नावाच्या हत्तीच्या पिल्लाला वर्तमानपत्रांनी ‘बोधचिन्ह’ म्हटले होते. शब्द चांगला आहे, परंतु तो सभासमारंभातला. बाजारातला आपला जुना शब्द आहे ‘छाप’. माकडछाप काळे दंतमंजन आपल्यापैकी पुष्कळांच्या मोरीतल्या कोनाड्यात असायचे. आम्हा निपाणीकरांना तर छाप म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. हे तंबाखूचे गाव. विड्यांच्या बंडलावर चिकटवलेल्या चिमुकल्या कागदावरचे चित्र पाहून गिऱ्हाईक माल ओळखते. ज्याला अक्षर येत नाही त्यानेही दुकानदारापुढे पैसे टाकून ‘अमुक छाप दे’ असे म्हणावे, एवढ्यासाठीच तो प्राणी, तो देव किंवा तो फेटेवाला त्या कागदावर आलेला असतो.

म्हणजे छापेचा पहिला धर्म ओळख पटवणे हा होय. दुसरा धर्म पुढे आला, तो लोभ लावण्याचा. रंगाच्या डब्यावरचा ‘गट्टू’ वाचकांना आठवत असेल. हातात रंगाचा कुंचला घेतलेला, केसांची झुलपे डोळ्यांवर आलेला तो खोडकर पोर १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी काढला. त्याचे नाव काय ठेवावे हे लोकांनाच विचारण्यात आले होते. पुढे अर्धशतकाच्या आसपास तो डब्यांवर राहिला आणि नव्या शतकाच्या आरंभी निवृत्त झाला. रंगाचा डबा घेताना कुणी गट्टू विकत घेत नव्हते. पण गट्टूमुळे डबा घरचा वाटे.

न्याहारीच्या खोक्यांवर हे दोन्ही धर्म एकत्र आले, आणि त्यांचा रोख घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे वळला. ही विद्या अमेरिकेची.

चार प्राण्यांची कथा

या खोक्यांचे मूळ एका रुग्णालयवजा आरोग्यधामात आहे, हे ऐकून आश्चर्य वाटेल. मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक या गावी डॉ. जॉन हार्वी केलॉग हे शाकाहाराचे कट्टर पुरस्कर्ते आरोग्यधाम चालवीत. १८९४ साली तेथे उकडून ठेवलेला गहू शिळा झाला. तो तसाच लाटयंत्रातून काढला तेव्हा एकसंध पोळी न होता प्रत्येक दाण्याचा वेगळा पापुद्रा निघाला. तो भाजला आणि रोग्यांना आवडला. पुढे गव्हाच्या जागी मका आला. डॉक्टरांचे धाकटे बंधू विल कीथ यांना व्यापाराची दृष्टी होती. त्यांनी १९०६ साली स्वतंत्र कंपनी काढली आणि आरोग्यधामातले पथ्य खोक्यात घालून जगभर विकले.

प्रथम त्या खोक्यांवर केवळ नाव होते. १९२८ साली फुगवलेल्या तांदळाचा पदार्थ आला, म्हणजे आपल्या चिरमुऱ्यांचाच एक भाऊ. त्यावर दूध ओतले की बारीक आवाज होतो. तो आवाज ऐकून तीन आवाजांची तीन नावे आणि त्या नावांची टोप्या घातलेली तीन ठेंगू माणसे १९३० च्या दशकात निर्माण झाली : स्नॅप, क्रॅकल आणि पॉप. मराठीच्या विद्यार्थ्याला याचे कौतुक वाटते, नवल वाटत नाही. आपल्या भाषेने हे काम कधीच करून ठेवले आहे. ‘कुरमुरे’ हा शब्द उच्चारला की दाताखालचा आवाज कानी येतो. या तिघांना १९५० च्या दशकात ‘पॉव’ नावाचा चौथा भाऊ काढण्यात आला होता. दूरचित्रवाणीवरच्या दोनेक जाहिरातींत तो दिसला आणि नाहीसा झाला. आज त्या घराण्यात तीनच भाऊ आहेत.

याहून चटका लावणारी कथा आहे ती १९५२ सालची. साखरेचा लेप दिलेले मक्याचे पापुद्रे बाजारात आणायचे ठरले. त्यांच्या खोक्यासाठी शिकागोच्या लिओ बर्नेट यांच्या जाहिरातसंस्थेने चार प्राणी तयार केले. टोनी नावाचा वाघ, केटी नावाची कांगारू, एल्मो नावाचा हत्ती आणि न्यूट नावाचा न्यू. हा न्यू म्हणजे आफ्रिकेच्या गवताळ रानात कळपाने हिंडणारा, शिंगे आणि दाढी असलेला प्राणी. चौघांपैकी वाघ आणि कांगारू यांना खोक्यावर जागा मिळाली. मुलांनी वाघ उचलला. थोड्याच काळात कांगारू मागे पडली आणि वाघ एकटा राहिला. तो आज सत्तरी ओलांडूनही खोक्यावर उभा आहे. हत्ती आणि न्यू हे मात्र दुकानाच्या फळीपर्यंत कधी आलेच नाहीत. त्यांना नावे मिळाली, रंग मिळाले, स्वभावही मिळाले असतील. खोके मिळाले नाही.

या हत्तीत काही उणे होते असे नव्हे. आपल्या मुलांना हत्तीहून प्रिय दुसरा प्राणी नाही. पण दुकानाच्या फळीवर जागा थोडी असते आणि आई-बापांच्या पिशवीत त्याहून थोडी. जे मुलाच्या बोटाने दाखवले जाईल तेच तेथे टिकते. जे चित्रांचे, तेच पदार्थांचे. कारखान्याच्या स्वयंपाकघरात एखादा पदार्थ शिजतो, चवदार म्हणून नावाजला जातो, त्याची लहानशी घाणी काढतात. मग कळते की दमट हवेत तो चार महिन्यांत सादळतो. किंवा त्याची किंमत परवडणार नाही. किंवा एखाद्या शहरात चाचणी म्हणून मांडला तर लोक एकदा घेतात, दुसऱ्यांदा घेत नाहीत. तो पदार्थ तेथेच संपतो. आपण दुकानात पाहतो ते वाचलेले. न वाचलेल्यांची गणती कुणी ठेवीत नाही.

गरम दूध

ही खोकी आपल्याकडे थाटामाटाने आली ती १९९४ साली. त्याआधीही मक्याच्या पापुद्र्यांची देशी खोकी मोठ्या शहरांत मिळत असत. परंतु केलॉग कंपनीने रायगड जिल्ह्यातील तळोजे येथे कारखाना काढून मुंबईपासून विक्रीला आरंभ केला, तेव्हा साऱ्या देशाची न्याहारी आता पालटणार असा बोलबाला झाला. न्याहारी पालटली नाही. पहिल्या काही वर्षांत विक्री अपेक्षेच्या पुष्कळच खाली राहिली. किंमत हे एक कारण होते. दुसरे कारण आपल्या चुलीवर होते. आपण दूध तापवतो. सकाळी लेकराला देतो ते ऊनच देतो. अमेरिकेत थंड दुधात कुरकुरीत राहणारे ते पापुद्रे आपल्या उन दुधात क्षणात मऊ पडून त्यांचा लगदा होई. बरे, दूध थंड घ्यावे तर वरून घातलेली साखर तळाशी बसे. शिवाय ज्या घरात सकाळी फोडणीचा वास येतो, तेथे थंड, गोड आणि मुका वाडगा म्हणजे न्याहारी झाली असे कुणाला वाटेना.

मग कंपनीने आपल्या जिभेकडे पाहिले. १९९८ साली ‘मझ्झा’ नावाचा प्रकार आला, तो आंबा-वेलची, नारळ-केशर आणि गुलाब अशा तीन स्वादांत. नावे वाचून लग्नातल्या जेवणाची आठवण व्हावी. तोही टिकला नाही. आज दुकानात शोधून सापडायचा नाही. लहान मुलांसाठी काढलेले चॉकलेटी शिंपले मात्र टिकले, आणि त्यांच्यासोबत ते तपकिरी अस्वल टिकले. पुढे दहा-दहा रुपयांच्या पुड्या झाल्या आणि अस्वल खेडोपाडीच्या दुकानांत दोरीला लटकू लागले. जो लढा मोठ्यांच्या जिभेवर हरला तो लहानांच्या डोळ्यांवर जिंकला, असे म्हणावयास हरकत नाही.

दोन हातांचे चित्र

हे सारे वाचत असताना मला माझीच एक जुनी आठवण झाली, आणि वाटले की अमेरिकेचा मका आमच्या पोटात १९९४ मध्ये नव्हे, त्याच्या पुष्कळ आधी गेला होता. फक्त तो दुकानातून आला नव्हता.

मी १९७० च्या दशकात याच भागातील एका सरकारी प्राथमिक शाळेत शिकलो. दुपारच्या सुट्टीआधी शाळेच्या मागच्या बाजूने एक वास येई. तीन दगडांच्या चुलीवर मोठे पातेले चढलेले असे आणि त्यात पिवळे उप्पीट शिजत असे. आमच्या भागातल्या माझ्या वयाच्या कुणालाही ‘केअरचे उप्पीट’ म्हणा, त्याच्या चेहऱ्यावर हसू येईल. पाटीवर, वहीच्या पुठ्ठ्यावर, पळसाच्या पानावर, जे हाती असेल त्यावर ते घ्यायचे. चव थोडी उग्र असे. घरी नाके मुरडणारेही शाळेत बोटे चाटीत.

त्या पिठाच्या पोत्यांवर एक चित्र असे. एकमेकांत गुंफलेले दोन हात आणि वर पट्टे व तारे. खाली इंग्रजी अक्षरे. आमच्या गुरुजींनी एकदा त्यांचा अर्थ सांगितला होता : ‘हे अमेरिकेच्या लोकांनी दिले आहे, हे विकावयाचे नाही.’ आम्हा पोरांना त्या चित्राचे मोठे कुतूहल. हात कुणाचे? एक अमेरिकेचा, मग दुसरा आपला का? आणि आपला असेल तर त्यातला आपला कोणता? यावर पाण्याच्या टाकीपाशी वाद होत.

त्यामागची हकीगत मोठेपणी कळली. केअर ही संस्था १९४५ साली, महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपातील कुटुंबांना अन्नाची पार्सले पाठवण्यासाठी निघाली. १९५४ साली अमेरिकेने एक कायदा केला, ‘पी. एल. ४८०’ या नावाने तो आपल्याकडे सर्वांना ठाऊक झाला. त्या कायद्याखाली तिकडचे जास्तीचे धान्य इकडे येऊ लागले. काही विकत, काही दानात. दानातला वाटा केअरसारख्या संस्थांमार्फत शाळांतून पोचे. त्यातला एक पदार्थ १९६० च्या दशकात मुद्दाम तयार केलेला होता : मक्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी यांचे मिश्रण, वर जीवनसत्त्वे आणि क्षार. हा पदार्थ जगातल्या कोट्यवधी मुलांनी खाल्ला, पण तो कोणत्याही दुकानाच्या फळीवर कधी मांडला गेला नाही. तसा मांडणे हाच गुन्हा होता.

आपल्या देशातही असे पदार्थ झाले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने स्वस्त प्रथिने मुलांपर्यंत नेण्यासाठी शेंगदाण्याच्या पिठाचे पुष्कळ प्रयोग केले. गव्हाच्या पिठाशी त्याची सांगड घालून केलेला ‘बालआहार’ त्यांतलाच. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील कामांवर ‘सुकडी’ वाटली गेली, ती ज्यांनी खाल्ली ते अजून विसरलेले नाहीत. यांपैकी कशालाही वाघ नव्हता, अस्वल नव्हते. कुणी या पदार्थाचे नाव घेऊन आईपाशी हट्ट धरला नाही. आणि तरीही एका संपूर्ण पिढीची हाडे त्यांवर वाढली, त्यांतली काही माझी.

या अन्नाचे गुणगान करताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. मागून घेतलेल्या धान्याची चव देशाला कडू लागत होती, आणि ती लागली म्हणूनच आपण हरितक्रांतीच्या मागे लागलो. ते होणे योग्यच होते. ज्या अमेरिकी संस्थेचे चिन्ह म्हणून त्या दोन हातांना पुढे सारे जग ओळखू लागले, तिचे कामही २०२५ च्या जुलैत थांबले. पोती गेली, चित्रही गेले. राहिली आहे ती त्या पिवळ्या उप्पिटाची आठवण.

बिनछापेची न्याहारी

मग आपल्या घरचे काय? महाराष्ट्राबाहेर विखुरलेल्या मराठी घरांत एक गोष्ट मी पाहिली आहे. इंदूर असो, बडोदे असो, हैदराबाद असो की आमचे बेळगाव-निपाणी असो, भाषेवर शेजारचे रंग चढतात, पण सकाळच्या कढईत पोहे असतातच. इंदुरात ते जिलेबीच्या शेजारी जाऊन बसले, आमच्याकडे कन्नड शेजारणीच्या घरी त्यांना ‘अवलक्की’ म्हणतात. पोहे म्हणजे तरी काय? भात भिजवायचा, तापलेल्या वाळूत भाजायचा आणि गरम असतानाच चेपायचा. दाणा शिजवून, चेपून, सुकवून ठेवण्याची हीच युक्ती बॅटल क्रीकच्या डॉक्टरांना शिळ्या गव्हाने शिकवली. सुदाम्याच्या पुरचुंडीत ती फार पूर्वीच बांधलेली होती. फरक एवढाच की आपले पोहे दुधात मऊ झाले तर आपली तक्रार नसते. मऊ व्हावेत म्हणूनच तर ते भिजवतो.

ज्वारीच्या लाह्या, लाह्यांचे पीठ ताकात कालवून, नाचणीची आंबील, शेंगदाणे घालून केलेले भडंग, दुधात कुस्करलेली शिळी भाकरी. ही आपली तयार न्याहारी. तिला छाप नाही, कारण ती ओळखायला चित्र लागत नव्हते. करणारीचा हात ओळखीचा होता. पण ही गोष्ट अभिमानाने सांगताना माझ्यापुढे ते कोरे कागद येतात. वखारीचा भोंगा होण्याआधी दोन घरची धुणीभांडी उरकणाऱ्या बाईने लाह्या केव्हा भाजाव्यात? आंबील केव्हा ढवळावी? आपण ‘घरची न्याहारी’ म्हणतो तेव्हा तिच्यामागे सकाळचे दोन तास मोकळे असलेली एक स्त्री गृहीत धरतो. ते दोन तास ज्या घरात नाहीत, तेथे दहा रुपयांची पुडी जाते किंवा काहीच जात नाही. त्या बाईला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही, आणि ज्यांनी सकाळी सात वाजता तिच्याकडून भांडी घासून घेतली त्यांना तर नाहीच.

सरकारने आपल्या परीने केले आहे. कर्नाटकात २००३ च्या सुमारास शाळांतून शिजवलेले दुपारचे जेवण सर्वत्र सुरू झाले. ऑगस्ट २०१३ पासून सकाळी दूध मिळू लागले, आणि २०२४ पासून आठवड्यातून तीन दिवस त्या दुधात नाचणीचे पीठ मिसळते. मुले त्याला ‘रागी माल्ट’ म्हणतात. मी त्यांना सांगतो, ही तुमच्या पणजीची आंबीलच आहे, फक्त सरकारी दप्तरातून फिरून आली आहे. कन्नड शाळेतला मुलगा आणि आमच्या मराठी शाळेतला मुलगा यांच्या ओठांवर सकाळी एकाच रंगाची मिशी उमटते, हे दृश्य मला फार आवडते.

पण घरून निघाल्यापासून ते दूध हाती पडेपर्यंतचा वेळ राहतोच. कोरे कागद त्या वेळेचे होते. जूनच्या अखेरीस मी तो विषय शाळा सुधारणा समितीपुढे ठेवला. फार चर्चा झाली नाही. एका पालकांनी चिरमुऱ्यांचे पोते दिले, दुसऱ्यांनी शेतातल्या शेंगा. वहिवाट अशी ठरली की कार्यालयाच्या दाराआड एक मोठा पत्र्याचा डबा ठेवायचा. ज्याला भूक असेल त्याने प्रार्थनेआधी येऊन मूठभर चिरमुरे-शेंगदाणे घ्यायचे. विचारायचे नाही, नोंद करायची नाही. पहिले आठ दिवस कुणी फिरकले नाही. मग एक जण आला, दुसरा आला. आता सकाळी डब्याचे झाकण वाजते, ते मला ऐकू येते, आणि मी कागदांतून मान वर काढत नाही.

श्रावणात नागपंचमीच्या आदल्या दिवशी चौथीच्या वर्गाने शाळेतच ज्वारीच्या लाह्या भाजल्या. स्वयंपाकाच्या बाईंनी कढई दिली. लाह्या उडू लागताच मुलांनी केलेला कल्लोळ शेजारच्या वर्गांना अभ्यास करू देईना, तेव्हा तेही वर्ग तेथेच येऊन बसले. त्या गोंधळात मी त्यांना वाघाची, कांगारूची आणि खोक्यावर न आलेल्या हत्तीची गोष्ट सांगितली. हत्तीचे ऐकून वर्ग गप्प झाला. एकाने विचारले, ‘‘गुरुजी, मग तो हत्ती कुठं गेला?’’ मला उत्तर देता येईना. मी म्हटले, ‘‘आपल्या लाह्यांना छाप नाही. तुम्ही काढा.’’

पंचवीस चित्रे जमली. मुसळ घेतलेली आजी होती, मुंगूस होते, पावसात भिजलेला कावळा होता, एक चष्मा लावलेले मुख्याध्यापकही होते. ती सारी आमच्या भिंतीवर आहेत. ज्या मुलीने जूनमध्ये अस्वल काढले होते, तिने मात्र आपले चित्र भिंतीसाठी दिले नाही. दुसऱ्या दिवशी ती ते जुने खोके घेऊन आली. एका बाजूला अस्वल तसेच होते. मागच्या बाजूला तिने आपला कागद चिकटवला होता : सोंडेत ज्वारीचे कणीस धरलेला एक करड्या रंगाचा हत्ती, आणि खाली बाळबोध अक्षरांत ‘एल्मो लाह्या’.

मी म्हटले, ‘‘अस्वल काढून टाकले नाहीस?’’

‘‘ऱ्हाऊ दे की गुरुजी,’’ ती म्हणाली, ‘‘दोघं बी ऱ्हातील.’’

आणि तिने खोक्याचे झाकण उघडून माझ्यापुढे धरले. पेन्सिली काढून ठेवल्या होत्या. आत लाह्या होत्या.